‘हे कोणाकडून आलं?’

एका बारीक काचनळीत थोडे रसायन घेतात. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यात मिसळतात, काही मिनिटे थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार या भागांत उपकेंद्राच्या ओट्यावर आणि आश्रमशाळेच्या व्हरांड्यात ही सोल्युबिलिटी चाचणी लाखो लोकांची झाली आहे. गढूळ निघालेला नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीसाठी पुढे जातो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, घरी दोन अक्षरे पोहोचतात. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. सोबत एक कार्ड, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणि ‘घाबरू नका’ एवढा सल्ला.

या पुस्तकाचा विषय तिथून पुढचा आहे. आईबापांच्या रक्तातून आलेला आणि जन्मभर सोबत राहणारा आजार आपल्याला आहे, हे कळल्यावर माणसाचे मन काय करते, त्याच्या घराचे मन काय करते, याचा हा शोध. आनुवंशिक आजार हजारो आहेत. हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, मुलांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन आहे, चाळिशीच्या आसपास डोके वर काढणारा हंटिंग्टन आहे. संपादकांनी त्यांतून सिकलसेल निवडला, आणि मला ही निवड योग्य वाटते. हा आजार महाराष्ट्रातल्या गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा घरांत आहे, विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत आहे, इतर अनेक जातींतही आहे. ज्या समाजांचे ऐकून घेण्याची आपल्याला फारशी सवय नाही, त्यांच्याच घरात तो जास्त आहे.

समुपदेशनाच्या खोलीत मी बरीच वर्षे बसले आहे. रिपोर्ट समजावून सांगितल्यावर आधी औषधाबद्दल किंवा आयुष्याबद्दल विचारतील असे नव्या माणसाला वाटते. तसे क्वचितच होते. पहिला प्रश्न असतो, ‘हे कोणाकडून आलं?’ आणि लगेच खुलासा, ‘आमच्याकडे तं कोनालेच नाही हे.’ बहुतेक वेळा हा खुलासा वडिलांच्या बाजूने येतो आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. विज्ञानाचे उत्तर सोपे आहे: दोघांकडून. रुग्ण मुलाला एक सदोष जनुक आईकडून मिळते, एक बापाकडून. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द मी तीन-तीनदा सांगते, कारण ‘चारातलं एक झालं, आता तीन बरी होतील’ असा हिशेब घरोघर केला जातो. पण हे गणित समजले तरी नजरा आईवरून हटत नाहीत. अपराधाची भावना गणिताने जात नाही, हे मला शिकायला वेळ लागला.

ती भावना थोडी हलकी करणारी एक गोष्ट मात्र विज्ञानातच सापडते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की सिकलचे एकच जनुक असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे जिथे मलेरियाने पिढ्यान्पिढ्या मुले नेली, तिथे ज्यांच्या रक्तात हे जनुक होते ते जास्त तगले आणि त्यांची लेकरे आज आपल्यासमोर बसली आहेत. गडचिरोलीच्या जंगलात, जिथे मलेरिया अजून ओळखीचा आहे, ही गोष्ट लोकांना पटकन कळते. एका आजीने ती ऐकून नातवाच्या डोक्यावर हात ठेवला होता. दुखणे त्याने कमी झाले नाही, पण ‘कोणाचे पाप’ हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आजाराचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. शिकागोतल्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली त्याला ‘रेणूचा आजार’ म्हटले. पुढे व्हर्नन इनग्राम यांनी दाखवले की हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. सगळा फरक एवढाच. एवढ्याने तांबडी पेशी ऑक्सिजन कमी पडताच वाकते, ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकल आढळला. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलची नोंद प्रसिद्ध केली. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत केलेले काम, चंद्रपूरला राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तशास्त्र संस्थेचे केंद्र, नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांचे अभ्यास आणि २०१८ साली पद्मश्री मिळालेल्या संपत रामटेके यांनी रुग्णांसाठी उभी केलेली चळवळ, अशी ही परंपरा आहे.

या परंपरेतल्या एका समजुतीवर मात्र मी थोडे थांबते, कारण तिने बरीच मने दुखावली. भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, म्हणून ‘आपल्याकडचा सिकल सौम्य’ असे बराच काळ शिकवले गेले. नागपूरच्या बालरोग विभागांतल्या अनुभवाने ही समजूत डळमळली. तिथे येणाऱ्या मुलांत वारंवार क्रायसिस, म्हणजे तीव्र दुखण्याचे झटके, जंतुसंसर्ग, रक्त चढवण्याची गरज, सगळे होते. पण ‘सौम्य’ हा शब्द वॉर्डात टिकून राहिला. हाडे कुरतडल्यासारखे दुखत असताना ‘तुझा तर सौम्य प्रकार आहे’ असे ऐकणाऱ्या मुलाला वाटते की कमी आपल्या सहनशक्तीतच आहे. सिकलच्या दुखण्याला बहुतेक वेळा सूज नसते, जखम नसते, एक्स-रेवर काही दिसत नाही. त्यामुळे शाळेत ‘नाटकी’, घरात ‘आळशी’, वॉर्डात ‘इंजेक्शनसाठी येतो’ ही विशेषणे या मुलांना चिकटतात. निदानाच्या धक्क्यापेक्षा हा अविश्वास खोल जातो, असे माझे मत आहे.

मनाच्या बाजूचा अभ्यास फार उशिरा सुरू झाला. आनुवंशिक समुपदेशन ही संज्ञा शेल्डन रीड यांनी १९४७ साली वापरात आणली. त्याआधी सुप्रजननवादाचा काळ होता. आनुवंशिक आजार असलेल्या माणसाशी कोणी बोलत नव्हते, त्याचे काय करायचे हे परस्पर ठरत होते. रीड यांच्यानंतरही समुपदेशकाचे काम म्हणजे टक्केवारी सांगणे, असाच समज बराच काळ होता. १९६९ साली अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सेमूर केसलर यांच्यासारख्यांनी पुढे ठासून सांगितले की हा आकड्यांइतकाच मनाचा संवाद आहे.

त्याच १९६९ साली एलिझाबेथ कुबलर-रॉस यांचे मरणासन्न रुग्णांवरचे पुस्तक आले आणि नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार या पाच पायऱ्या जगभर गेल्या. त्यांनी ऐकून घेण्याचे मोल वैद्यकाला शिकवले, याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्या पायऱ्या मृत्यूच्या दारात असलेल्या माणसांशी बोलून मांडलेल्या होत्या. आपल्याकडे त्या प्रशिक्षणाच्या वहीतून उचलून सहा महिन्यांच्या बाळाच्या आईला लावल्या जातात. ‘ही अजून नकारात आहे’ असा शेरा मी केसपेपरवर वाचला आहे. ती आई नकारात नव्हती. आदल्या रात्री बाळाचे तळहात सुजले होते आणि ती झोपली नव्हती.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्याने कुबलर-रॉस यांच्याआधीचा एक लेख जाणून घ्यावा, असे मी सुचवेन. सायमन ऑलशान्स्की यांनी १९६२ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांविषयी लिहिताना ‘चिरदुःख’ अशा अर्थाची कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे असे की या पालकांचे दुःख संपत नाही, ते आयुष्यभर येत-जात राहते आणि ते स्वाभाविक आहे. त्याला विकार मानून पालकांना स्वीकाराकडे ढकलणारे व्यावसायिकच त्यांचा त्रास वाढवतात. सिकलच्या घरांत मी नेमके हेच पाहिले. बातमी एकदा येत नाही. रिपोर्टच्या दिवशी येते. पहिल्या क्रायसिसला येते. शाळेच्या सहलीला मूल पाठवायचे की नाही या दिवशी येते. बारावीच्या परीक्षेत दवाखान्यात भरती करावे लागते तेव्हा येते. लग्नाची बोलणी निघतात तेव्हा येते आणि मुलीला दिवस जातात तेव्हा पुन्हा एकदा, सगळ्यात मोठ्याने येते. दर वेळी घर नव्याने रडते आणि नव्याने उभे राहते. या रडण्याला ‘अजून स्वीकारले नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे करून दाखवले: संकटावर काही करणे आणि संकटाने उठलेल्या भावनेला सांभाळणे. पुस्तकी वाटणारा हा फरक जमैकात ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने प्रत्यक्षात दाखवला. सिकलच्या लहान मुलांत प्लीहा अचानक फुगून रक्त साठते आणि मूल काही तासांत दगावू शकते. त्यांनी आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यामुळे मृत्यू कमी झाले. मला त्यात आणखी काही दिसते. ज्या आईच्या हातात काहीच उरले नव्हते, तिच्या हाताला काम मिळाले. ‘धीर धरा’ हे शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते पोट चाचपायला शिकवल्याने होते. पाण्याची बाटली दप्तरात, थंडीत स्वेटर, ताप आला की वाट न पाहता दवाखाना, हायड्रॉक्सियुरियाची गोळी ठरल्या वेळी: या साध्या सवयी औषधाच्या आहेत तशा मनाच्याही आहेत.

समाजशास्त्राकडून आलेला विचार मायकल बरी यांचा. संधिवाताच्या रुग्णांशी बोलून त्यांनी १९८२ साली लिहिले की दीर्घ आजार माणसाच्या जीवनकथेत खंड पाडतो. उद्या असा असेल हे गृहीतच मोडते. हा विचार मोलाचा आहे, पण मेळघाटात तो जसाच्या तसा लागू पडत नाही. सुरळीत कथा आधी होती, हे त्यात गृहीत आहे. ज्या पोराला कळू लागल्यापासून दुखते आहे, ज्याला भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेले, कोंबडे कापले, वात म्हणून तेल चोळले, करणी म्हणून शेजारणीशी भांडण झाले, त्याच्या घरी ‘एसएस’ ही अक्षरे येतात तेव्हा कधी कधी सुटकेचा श्वास ऐकू येतो. दुखण्याला नाव मिळाले. पोरगा खोटे बोलत नव्हता. शेजारणीचा दोष नव्हता. निदान म्हणजे केवळ आघात, हे आपले शहरी गृहीतक आहे आणि या पुस्तकातली काही मनोगते ते मोडून काढतात.

वाहकांची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यात सर्वांत जास्त चुका झाल्या आहेत. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, पळतो, पोहतो, त्याला बहुतेक वेळा कसलाही त्रास होत नाही. तरी कार्ड त्याच्याही हातात येते. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात सगळ्यांची तपासणी करून लोकांना निकाल सांगितले गेले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसले की वाहक-वाहक लग्ने अपेक्षेप्रमाणे घटली नाहीत, वाहकांवर मात्र शिक्का बसला आणि काहींनी निकाल लपवले. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला, त्याच सुमारास अनेक राज्यांत सक्तीच्या तपासण्या झाल्या आणि निरोगी वाहकांना विमा व नोकरी नाकारली जाऊ लागली. कृष्णवर्णीय समाजाच्या आरोग्यासाठी सुरू झालेल्या कामाने त्याच समाजाला नवा डाग दिला. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ सालीच लपवता येणाऱ्या कलंकाविषयी लिहिले होते: तो बाळगणाऱ्याला रोज ठरवावे लागते, कोणाला सांगायचे आणि कोणापासून लपवायचे.

विदर्भात हे ठरवण्याचे ओझे मुलींवर पडते. ‘लग्नाआधी कुंडली नको, सिकलचे कार्ड जुळवा’ हा प्रचार चांगल्या हेतूचा आहे आणि त्यातला वैद्यकीय मुद्दा खरा आहे. दोघे वाहक असतील तर त्यांना आधी कळायलाच हवे. पण मुलाकडचे स्वतःच्या मुलाची तपासणी न करता मुलीचे कार्ड मागतात, ‘एएस’ पाहून परत जातात आणि गावात त्याची बोलवा होते. मग पुढच्या स्थळाला कार्ड दाखवले जात नाही. वाहक मुलीचे लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झाले तर त्यांचे मूल सिकलचे रुग्ण होत नाही, एवढे एक वाक्य दोन्ही घरांत आधी सांगितले असते तर कितीतरी मुलींची मान खाली गेली नसती. जातीचा डाग आधीच सोसलेल्या समाजात रक्ताचा डाग काय करतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहज कळणार नाही. ‘आमच्याच रक्तात का?’ या प्रश्नामागे शतकांचे ओझे आहे.

भावंडांविषयी फार बोलले जात नाही, म्हणून एवढेच सांगते: ‘माझा रिपोर्ट चांगला आला’ याची लाज वाटणारी मुले मी पाहिली आहेत.

हे सारे आत्ताच का वाचायचे? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मिशन सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ सालापर्यंत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून सिकल संपवणे, हे त्याचे उद्दिष्ट. सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या अनुसूचित जमातींत दर ८६ जन्मांमागे एक बाळ सिकलचा आजार घेऊन येते. म्हणजे येत्या काही वर्षांत कार्डे पूर्वी कधी नव्हती इतकी वाटली जातील. तपासणी व्हायलाच हवी; ती लवकर झाली की मुले वाचतात. पण निकाल सांगायला माणसे आणि वेळ किती ठेवला आहे, हा प्रश्न तितक्याच मोठ्याने विचारायला हवा. डॉ. अभय बंग यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे की गडचिरोलीत सुरुवातीला त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी सिकलचे सर्वेक्षण केले, पण ती लोकांनी मागितलेली गोष्ट नव्हती. लोकांना आधी विचारायचे, हा धडा त्यांनी घेतला. तो सगळ्यांनी घ्यावा असा आहे.

‘निर्मूलन’ हा शब्दही एकदा रुग्णाच्या कानांनी ऐकून पाहावा. एका कॉलेजातल्या मुलाने मला भिंतीवरचे पोस्टर दाखवून विचारले होते, ‘मॅडम, म्हणजे आमच्यासारखे जन्मालाच यायचे नाहीत ना?’ गर्भजल किंवा वारेच्या पेशींची तपासणी आणि त्यानंतरचा निर्णय हा आईबापांचा हक्क आहे, मी त्याच्या बाजूची आहे. तरीही त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि अशी तयार उत्तरे कोणाकडे असू नयेत असेच मला वाटते.

दुसरीकडे आशेचाही ताण आहे. जनुक संपादनावर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. बातमी मोबाइलवर गडचिरोलीतल्या धानोऱ्यापर्यंत पोहोचते, उपचार पोहोचत नाही. ‘औषध निघालंय म्हणे’ असे विचारणाऱ्या बापाला खरे सांगणे आणि त्याची उमेदही न मोडणे, हे आजच्या समुपदेशनातले सर्वांत अवघड काम आहे. त्याच वेळी हाताशी असलेल्या गोष्टी निसटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते आणि ठाऊक असलेल्यांना प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागतात. कागद मिळवण्यासाठी स्वतःचे दुखणे पुन्हा पुन्हा सिद्ध करत राहणे, याचाही मनावर घाव बसतो.

हे पुस्तक मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही आणि प्रेरणादायी कथांचा संग्रहही नाही. रुग्ण, पालक, वाहक, भावंडे, नवरे, आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांनी आपापल्या शब्दांत सांगितलेली मनोगते आणि त्यांना जोडणारे टिपणवजा लेख असे त्याचे रूप आहे. मांडणी वयाप्रमाणे नाही, तर बातमी ज्या ज्या वळणावर पुन्हा येते त्या वळणांप्रमाणे आहे. बोली बदललेली नाही. वऱ्हाडी, झाडीबोली, पावरी शब्द तसेच ठेवले आहेत, कारण दुखण्याचे वर्णन प्रमाण मराठीत आणले की त्यातली धार जाते. काही मनोगते अर्ध्यावर थांबतात. संपादकांनी ती पुरी केलेली नाहीत. सांगणारा गेला, किंवा पुढे सांगावेसे वाटले नाही. या पुस्तकात रागावलेली माणसे आहेत, देवाला बोल लावणारी आहेत, सासरी आजार लपवलेली आणि त्याचा पश्चात्ताप न झालेली बाई आहे. त्यांना समजूतदार करून दाखवण्याचा मोह संपादकांनी आवरला, याबद्दल मी त्यांची कृतज्ञ आहे.

ज्यांच्या घरात नुकताच रिपोर्ट आला आहे, त्यांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. आपल्या वळणाचे पान काढा, तेवढेच वाचा, बाकीचे राहू द्या.

आणि वाचणाऱ्यांत कोणी आशा, परिचारिका किंवा समुपदेशक असेल तर तिला एकच विनंती. निकाल सांगितला त्या दिवशी त्या घराने आपण बोललेले जवळजवळ काहीच ऐकलेले नसते. आठवडाभराने पुन्हा त्या घरी जा. कार्ड मागू नका, ओट्यावर बसा आणि आधी आईला विचारा, ती कशी आहे.